सबटायटल दिसत नाही, हीच तर सुरक्षा!

लिनक्सवर नवा प्रोग्रॅम टाकणं म्हणजे पूर्वी भांडणं सोडवणं असायचं. हल्ली ते परवानग्या वाटणं झालंय. मी या दोन्ही नोकऱ्या बिनपगारी केल्या आहेत.

जुन्या पद्धतीत सगळा कारभार सामायिक. लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा साठा, एकच आणि तिच्यावर पोट भरणारे प्रोग्रॅम डझनावारी. कोणाला कोण लागतं, कितवी आवृत्ती चालते, याचा हिशेब डेबियन-उबुंटू या लिनक्सच्या प्रकारांत ॲप्ट हे प्रोग्रॅम टाकायचं साधन ठेवतं. हिशेब जुळला तर एका ओळीच्या कमांडमध्ये काम फत्ते. नाही जुळला तर मोडकी पॅकेजेस तुम्हीच अडवून ठेवली आहेत, असा ठपका येतो. मी काहीही अडवलेलं नसतं. मला फक्त एक फोटो कातरायचा असतो.

त्यात ॲप्टचा खाक्या असा, की सिस्टीमचा गाभाच उपटायची पाळी आली तर ते थांबायचं आणि 'येस, डू ॲज आय से!' हे वाक्य उद्गारचिन्हासकट टाइप करायला लावायचं. २०२१ मध्ये एका नामांकित यूट्यूबरने स्टीम हे गेम्सचं ॲप टाकता टाकता हे वाक्य कॅमेऱ्यादेखत टाइप केलं आणि त्याचा अख्खा डेस्कटॉप गेला. लोक पोट धरून हसले. मला हसू आलं नाही. रात्री उशिरा, इन्स्टॉलेशन अर्ध्यावर असताना, माणूस कशालाही 'येस' म्हणतो.

यावर उतारा म्हणून २०१६ च्या सुमाराला फ्लॅटपॅक आणि स्नॅप या प्रोग्रॅम बांधून देण्याच्या नव्या पद्धतींचा गाजावाजा सुरू झाला. त्याच जातीचं ॲपइमेज त्याआधीपासून होतंच. तत्त्व सोपं: ज्याने त्याने आपल्या लायब्रऱ्या आपणच आणाव्यात. पाहुणा यावा तो गादी, उशी, बादली, तांब्या आणि पाण्याची टाकी घेऊनच, तसं. भांडणाचं कारणच उरत नाही. जागाही उरत नाही. टिपणं लिहायचं एक चिमुकलं ॲप टाकलं. ते स्वतः जेमतेम काही एमबीचं, पण त्याच्यामागोमाग शेकडो एमबीचा रनटाइम, म्हणजे ॲप चालायला लागणारा लायब्रऱ्यांचा गठ्ठा, उतरला. हा रनटाइम पुढच्या ॲप्सनाही चालतो, असं सांगतात आणि ते खरंही आहे. फक्त पुढच्या ॲपला नेमकी जीनोम डेस्कटॉपची पुढची आवृत्ती हवी असते आणि त्याच्या पुढच्याला केडीई या दुसऱ्याच डेस्कटॉपचा रनटाइम.

स्नॅपची तऱ्हा आणखी वेगळी. प्रत्येक स्नॅप ही एक आवळलेली फाइल, स्वतंत्र डिस्क असल्यासारखी जोडलेली. जागा किती उरली ते बघायला टर्मिनलमध्ये 'डीएफ' म्हणावं, तर लूप-०, लूप-१, लूप-२ अशी लांबलचक रांग उभी राहते आणि प्रत्येकीपुढे आकडा १०० टक्के. पहिल्यांदा बघणाऱ्याच्या पोटात गोळाच येतो. त्या फायली फक्त वाचण्यापुरत्या असल्यामुळे कायम भरलेल्याच दिसणार, हे ज्ञान बॅकअप घेऊन झाल्यावर मिळतं.

पण खरा छळ सँडबॉक्सचा, म्हणजे प्रोग्रॅमला बाकीच्या सिस्टीमपासून बंदिस्त ठेवणाऱ्या कुंपणाचा. व्हिडिओ प्लेयर फ्लॅटपॅकचा टाकला. सिनेमा उघडला, चित्र चोख, आवाज चोख, सबटायटल नाही. सबटायटलची फाइल त्याच फोल्डरमध्ये, त्याच नावाची, सिनेमाला खेटून बसलेली. भाच्याला फोन लावला.

"मामा, तू फाइल निवडलीस ना, तेवढीच त्याला दिली जाते. शेजारची त्याला दिसत नाही."

"अरे, पण मला दिसतेय!"

"तुला दिसणारच. तू सँडबॉक्सच्या बाहेर आहेस."

हे ऐकून बरं वाटलं म्हणायचं. प्लेयरला विचारलं सिनेमा कुठे ठेवलाय, तर तो माझ्या फोल्डरचं नाव न सांगता 'रन'मधलं 'युजर', त्यातलं १०००, त्यातलं 'डॉक' आणि पुढे अक्षरांची गिचमिड, असा पत्ता सांगतो. घर माझं, फाइल माझी, आणि पत्ता मलाच अनोळखी. डिस्कवर ठेवलेलं वेबपेज असंच बंदिस्त ब्राउझरमध्ये उघडलं, तर मजकूर आला आणि चित्रं सगळी उंबऱ्याबाहेर राहिली.

तरी मला जुन्याचा उमाळा नाही. सँडबॉक्स हवाच, इंटरनेटवरून काहीही उतरवून चालवणाऱ्या माझ्यासारख्यांसाठी तर हवाच हवा. पण २०१४ मध्ये ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीत हार्टब्लीड नावाचं भगदाड सापडलं तेव्हा सामायिक कारभाराची किंमत कळली. लायब्ररीचं एक पॅकेज बदललं, प्रोग्रॅम पुन्हा सुरू केले, की तिच्यावर जगणारे सगळे दुरुस्त. ज्याने तीच लायब्ररी आपल्या गाठोड्यात बांधून आणलीय, त्याचं गाठोडं ज्याने बांधलं तोच सोडणार, आणि ॲपइमेजवाल्या एखाद्या भल्या माणसाने प्रकल्पच सोडून दिला असेल तर बसा.

सध्या माझ्या मशीनवर तिन्ही-चारी जमाती सुखाने नांदतात. एकच चित्रांचा प्रोग्रॅम मेनूत दोनदा दिसतो, एकाच चिन्हाचा. एकात माझे सगळे ब्रश आहेत, दुसऱ्यात नाहीत, आणि घाईत कायम दुसराच उघडतो. अपडेटच्या कमांड वेगवेगळ्या. स्नॅप मात्र न विचारता दिवसातून चारदा नवीन काही आलंय का ते बघून येतं.

परवानग्या मार्गी लावायला फ्लॅटसील नावाचं ॲप आहे. तेही अर्थात फ्लॅटपॅकच. ते उघडून एकेकाची झडती घेतली. बिचाऱ्या प्लेयरच्या खिशात काहीच नव्हतं. आणि एका किरकोळ ॲपला, जे कधी टाकलं तेही आठवेना, माझ्या सगळ्या फायलींची मुभा पॅकेज बनवणाऱ्याने आधीच देऊन ठेवलेली. पुन्हा फोन.

"असतं काही ॲप्सचं तसं," भाचा म्हणाला.

"मग हा सँडबॉक्स कसला?"

तिकडे जरा शांतता. मग म्हणाला, "मामा, तू एकदा निक्सओएस नावाचं वेगळंच लिनक्स बघ ना."