घोट्याचं दुखणं थांबलं म्हणजे घोटा बरा झाला का? एका पालकांना उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली. घाईत उत्तर द्यायचं नव्हतं, म्हणून आज लिहायला बसले. नववीतली तुमची मुलगी खो-खो खेळते. तिचा घोटा मुरगळला. अ‍ॅक्युपंक्चरवरचा (सुया टोचून करायच्या उपचारावरचा) माझा लेख वाचून तुम्ही तिला त्या उपचाराला नेलंत, आठ वेळा सुया लावल्यावर दुखायचं थांबलं, ती मैदानात उतरली आणि तिसऱ्याच दिवशी तोच पाय पुन्हा मुरगळला. ‘खोट्या सुयांनीही तेवढाच गुण येतो, मग लोकांना याच्या नादी का लावता?’ असा तुमचा सवाल आहे.

आधी माझी चूक. सुयांमुळे रक्तपुरवठा वाढतो आणि ‘इजा लवकर भरून येते’, असं मी लिहिलं होतं. सुईच्या आसपास रक्ताभिसरण थोडा वेळ वाढतं, हे खरं. पण त्यामुळे ताणलेलं लिगामेंट, म्हणजे हाडं एकमेकांना जोडणारा पट्टा, लवकर सांधतं, असं म्हणायला भरवशाचा आधार नाही. ताज्या मुरगळण्यावर सुयांचा उपयोग होतो का, याचा कोक्रेनने (उपचारांवरच्या चाचण्या एकत्र तपासणाऱ्या संस्थेने) २०१४ मध्ये आढावा घेतला होता. त्यात वीस चाचण्या आणि सुमारे दोन हजार रुग्ण होते, पण बहुतेक चाचण्या इतक्या कच्च्या होत्या की ठाम निष्कर्षच निघाला नाही. हे मला माहीत असताना ते वाक्य मी लिहायला नको होतं. आज ते काढून टाकलं आहे.

खोट्या सुयांचं तुम्ही म्हणता ते बव्हंशी बरोबर आहे, पण त्यात एक गोष्ट राहून जाते. जर्मनीत कंबरदुखीच्या १,१६२ रुग्णांवर मोठी चाचणी झाली, २००७ मध्ये ती प्रसिद्ध झाली. सहा महिन्यांनी खऱ्या सुयांच्या गटात ४७.६ टक्के लोकांना फरक पडला होता. भलत्याच जागी, वरवर टोचलेल्या सुयांच्या गटात ४४.२ टक्के, आणि औषधं-व्यायाम अशा नेहमीच्या उपचारांच्या गटात २७.४ टक्के. म्हणजे सुई नेमक्या बिंदूवरच लागली पाहिजे, हा दावा डळमळतो. मी स्वतः मेरिडियनची, म्हणजे शरीरातून ऊर्जा वाहते असं मानलेल्या मार्गांची, भाषा वापरणं त्यामुळेच सोडलं. पण ४४ आणि २७ मधलं अंतरही डोळ्यांआड करता येत नाही. त्यातला काही भाग अपेक्षेचा असेल, काही कुणीतरी अर्धा तास आपल्याकडे लक्ष देतं याचा. तरी जुनाट दुखण्याने त्रासलेल्या माणसाचं दुखणं महिनाभर हलकं झालं आणि तेवढ्यात तो व्यायामाला लागला, तर मला ते हवं आहे. तेवढ्यासाठीच मी सुया वापरते. महाराष्ट्रात या पद्धतीसाठी स्वतंत्र कायदा आहे हे काही वाचकांनी पुरावा म्हणून सांगितलं. कायद्याने उपचार कोणी करायचे ते ठरतं, गुण येतो की नाही ते ठरत नाही.

आता तुमच्या मुलीबद्दल. माझ्या मते तिथे सुई निकामी ठरली, एवढंच झालेलं नाही. दुखणं थांबलं आणि त्यालाच सगळ्यांनी बरं होणं समजलं. घोटा मुरगळतो तेव्हा लिगामेंटबरोबर पायाची स्वतःला सावरण्याची जाणही बिघडते. खो-खोत हुलकावणी देताना, खांबाला वळसा घालताना सगळा भार एका पायावर, तोही तिरका येतो. दुखणं असतं तर ती जपून वळली असती. दुखणं नव्हतं आणि घोटा तयार नव्हता, हे सगळ्यात वाईट. सुई लावणाऱ्याने हे सांगायला हवं होतं आणि माझ्या लेखातही ते ठळक असायला हवं होतं.

दुसऱ्यांदा मुरगळल्यानंतर तिला चार पावलं टाकता येतात का? घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या हाडांची मागची कड किंवा टोक दाबल्यावर दुखतं का? चालता येत नसेल किंवा हाडावर दुखत असेल, तर आधी एक्स-रे. वाढीचं वय आहे, वाढीच्या कूर्चेला (हाडाच्या टोकाजवळ, जिथून हाड वाढतं त्या मऊ भागाला) इजा असू शकते, म्हणून अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवाच.

हाड ठीक असेल तर सूज उतरेपर्यंत पट्टी बांधा आणि सोसवेल तेवढं चालू द्या. मग रोज तोल सांभाळण्याचा व्यायाम: भिंतीजवळ एका पायावर उभं राहायचं, जमलं की डोळे मिटून, मग घडी घातलेल्या सतरंजीवर. जोडीला टाचा उचलणं, आधी दोन्ही पायांवर, नंतर एका. पुन्हा मुरगळू नये म्हणून याचाच सगळ्यात पक्का आधार आहे आणि यात एक रुपयाही लागत नाही. फक्त दुखऱ्या पायावर उड्या मारताना चांगल्या पायाइतकी ती ठाम वाटली, वेगात वळून थांबली, की मग सराव आणि त्यानंतर सामना. सुरुवातीचे काही महिने घोट्याला ब्रेस (आधार देणारा पट्टा) असू द्या.

प्रशिक्षक तिला लवकर मागतील. त्यांना हे उत्तर दाखवा. आणि पाय पाहून डॉक्टर काय म्हणाले, ते मला नक्की कळवा.