तक्रार दिली म्हणजे गुन्हा दाखल झाला असं नाही

पोलिसातली पेट्रोलिंगची नोकरी संपली, तरी लोकांचा प्रश्न ठरलेला: "तक्रार दिलीय, पुढं काही झालंच नाही." त्यावर माझा उलटा प्रश्न, हातात कागद कुठला मिळालाय?

अर्जाची शिक्का मारलेली पोच म्हणजे अर्ज मिळाला, बास. एनसी म्हणजे अदखलपात्र. शिवीगाळ, एखादी चापट यातच जाते आणि मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय त्यात तपास करता येत नाही. तिथं हवालदारावर चिडून उपयोग नाही. एफआयआर झाला, म्हणजे गुन्हा दाखल झाला, तरच तपास. त्याची प्रत फिर्यादीला मोफत मिळते, मागून घ्या.

खरा घोळ मोबाईलचा. खिशातून मारलेला मोबाईल 'गहाळ' म्हणून लिहून घेतात. गहाळ म्हटलं की गुन्हा नाही, ठाण्याचा आकडा वाढत नाही. हे चुकीचंच आहे. चोरी असेल तर 'चोरीला गेला' हेच शब्द लिहा. मात्र ५,००० रुपयांच्या आतली चोरी २०२४ पासूनच्या नव्या फौजदारी कायद्यात अदखलपात्र आहे, म्हणून बिल सोबत न्या. खोक्यावरचा १५ अंकी आयएमईआय, म्हणजे हँडसेटचा ओळख क्रमांक, लिहा, दोन सिमचा असेल तर दोन्ही. त्याच नंबरचं नवीन सिमही लगेच काढा. सीईआयआर या सरकारी पोर्टलवर हँडसेट ब्लॉक करताना त्या नंबरवर आलेला ओटीपी आणि तक्रारीची प्रत दोन्ही लागतं.

सातारा स्टँडवर मोबाईल गेला आणि कराडला उतरल्यावर कळलं, तर कराडलाच फिर्याद द्या. "आमची हद्द नाही" हे कारण चालत नाही. शून्य नंबरनं नोंदवून त्यांनी ती साताऱ्याला पाठवायची. ऑनलाइन दिली असेल तर ३ दिवसांत ठाण्यात जाऊन सही करा. घेतच नसतील तर लेखी तक्रार स्पीड पोस्टनं एसपींना (जिल्हा पोलीस अधीक्षकांना), तिथंही हललं नाही तर मॅजिस्ट्रेटकडं.

सही फिर्यादीवर करायची. साक्षीदार म्हणून पोलिसांनी घेतलेल्या जबाबावर सही लागत नाही, हे कितीतरी शिकलेल्यांनाही माहीत नसतं.

आणि सहीआधी फिर्याद वाचून घ्या, विशेषतः वेळ. "दुपारी" लिहिलं तर तपास अंमलदारानं चार तासांचं फुटेज बघायचं. कामाच्या रगाड्यात कोण बघतंय? "२.१० ते २.२५, सातारा स्टँड, कराडच्या फलाटाजवळ" लिहिलं तर पंधरा मिनिटांचं काम. फुटेज काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं, त्यामुळं ते काढायला त्याच दिवशी सांगा. तपास कुठवर आला हे ९० दिवसांत फिर्यादीला कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे.