धूळपाटीवर सराव करावा

‘नमस्कार! ज्ञानकोशात आपले स्वागत आहे. आपले अलीकडील संपादन उलटवण्यात आले आहे. सराव करायचा असल्यास कृपया धूळपाटी वापरावी.’ आणि खाली एक हसरा चेहरा.

संपादन उलटवलं, ठीक आहे. इथे कुणीही काहीही उलटवू शकतो, त्याच बोलीवर आपण लिहायला येतो. पण तो हसरा चेहरा मात्र मनातून जात नाही. धूळपाटी म्हणजे पंतोजी लाकडी पाटीवर धूळ पसरून पोरांकडून अक्षरं गिरवून घेत, ती. ऑनलाइन ज्ञानकोशात नवख्यांनी हवं ते खरडून पाहावं म्हणून एक कोरं पान ठेवलेलं असतं, त्याला कुण्या रसिकाने हे नाव दिलं. नाव झकास आहे. नव्या सदस्यांना त्या पानाचा पत्ता गेली नऊ वर्षं मीच देत आलोय, एवढंच.

गुन्हा काय, तर ‘क्वीन’ या ब्रिटिश रॉक बँडवरचा लेख सुधारला.

चार वर्षांपूर्वी कुणीतरी इंग्रजी लेख भाषांतराच्या यंत्रात घालून जे बाहेर पडलं ते तसंच चिकटवलं होतं. पहिलं वाक्य असं: ‘राणी ही एक ब्रिटिश खडक पट्टी आहेत जे लंडनमध्ये १९७० मध्ये तयार झाले.’ एका वाक्यात एकवचन, अनेकवचन, स्त्रीलिंग आणि भूगर्भशास्त्र. खाली सदस्यांची यादी. फ्रेडी पारा, शिसे गायन. ही ओळ बँडच्या लेखातली आहे की विहिरीच्या पाण्याच्या तपासणी अहवालातली, ते वाचणाऱ्याने ठरवावं. ब्रायन कदाचित, गिटार. रॉजर शिंपी, पिंप. जॉन डीकन तेवढा धडधाकट सुटला होता. चौघांतला सगळ्यात अबोल माणूस, १९९७ नंतर गाण्याबजावण्यातून बाजूला झाला, तो यंत्राच्याही हाती लागला नाही.

आणि ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’चा परिच्छेद तर भुताच्या गोष्टीत खपला असता: ‘अविवाहित १९७५ मध्ये सोडण्यात आला आणि नऊ आठवडे वर राहिला. पाऱ्याच्या मृत्यूनंतर अविवाहित १९९१ मध्ये पुन्हा वर गेला.’ मूळ माहिती बरोबर आहे, हेच दुःख. सिंगल म्हणून काढलेलं ते गाणं ब्रिटनमध्ये नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं, आणि २४ नोव्हेंबर १९९१ला फ्रेडी मर्क्युरी गेल्यावर पुन्हा पहिल्या क्रमांकावर आलं. पाच मिनिटं पंचावन्न सेकंदांचं गाणं, त्याला धृपद नाही, मध्येच ऑपेरा सुरू होतो आणि त्यात ‘बिस्मिल्ला’ येतं. ऐकणाऱ्याला १९७५ साली जेवढं चमत्कारिक वाटलं असेल, तेवढंच ते यंत्रालाही वाटलं असणार.

असला लेख सुधारताना पहिली गोष्ट म्हणजे विशेषनामांचं भाषांतर काढून टाकायचं. दुसरी, ‘ही’ की ‘हा’. इंग्रजीत हाच वाद ‘आहे’ की ‘आहेत’ असा चालतो, कारण ब्रिटिश माणूस बँडला अनेकवचनी समजतो. आपल्याकडे बँड पुल्लिंगी, त्याचं नाव राणी. मी ‘क्वीन हा’ केलं. मग शीर्षक. नुसतं ‘क्वीन’ ठेवलं तर त्याच नावाचा २०१४चा हिंदी सिनेमा बघायला आलेला वाचक लंडनमध्ये उतरतो, म्हणून कंसात ‘बँड’ लिहायचं.

मग माहितीचौकट, म्हणजे उजव्या बाजूचा तो खोका. तो साच्यावर, म्हणजे आधीच लिहून ठेवलेल्या संगणकी नमुन्यावर, चालतो. दोन महिरपी कंस उघडले तर दोन बंद व्हायलाच हवेत. एक राहिला की खोका फुटतो आणि त्यातला कच्चा माल पानभर सांडतो. साच्याला जिथे वर्षांची वजाबाकी करायची असते तिथे देवनागरी आकडे दिले की तो लाल अक्षरांत ओरडतो, कारण मराठी ज्ञानकोशाच्या पोटातल्या गणिताला मराठी आकडे येत नाहीत. संदर्भाची खूण उघडून बंद करायची राहिली तर याहून वाईट. तिच्यापुढचा मजकूर दिसेनासाच होतो. माणूस घाबरतो, चार परिच्छेद पुन्हा चिकटवतो, मग खूण बंद करतो आणि सगळं दोनदा दिसायला लागतं. ‘शैली’ या रकान्यात हात घालताना जपून. हार्ड रॉक, ग्लॅम रॉक की प्रोग्रेसिव्ह, यावर इंग्रजी आवृत्तीत लोक वर्षानुवर्षं भांडतात, तेव्हा समीक्षकाचा संदर्भ असेल तेवढंच लिहायचं. अल्बमच्या मुखपृष्ठाचं चित्र चढवायचं नाही. ते प्रताधिकारातलं असतं, मुक्त चित्रांच्या कोठारातून पुसलं जातं आणि पानावर भोक राहतं. आणि इंग्रजी लेखावरून मजकूर घेतला तर बदलाच्या सारांशात तसं सांगून मूळ लेखाचा दुवा द्यायचा. तो उपकार नाही, परवान्याची अट आहे.

मजकुरात नेहमीच्या चुका ठरलेल्या. सगळी गाणी मर्क्युरीच्या नावावर टाकणं ही पहिली. ‘वुई विल रॉक यू’ ब्रायन मेचं, ‘अनदर वन बाइट्स द डस्ट’ डीकनचं, ‘रेडिओ गागा’ रॉजर टेलरचं. डीकनला संस्थापक म्हणणं ही दुसरी. बँड १९७०चा, डीकन आला १९७१ला, त्याआधी बेस गिटार वाजवणारे दुसरे येऊन गेले होते. सत्तरच्या दशकातल्या अल्बमांत सिंथेसायझर ऐकू येणं ही तिसरी. ‘यात सिंथेसायझर वापरलेला नाही’ असं हे लोक पाकिटावर छापत, पहिला वापरला तो १९८०च्या ‘द गेम’मध्ये. त्या चित्रविचित्र आवाजांचं बरंचसं श्रेय मेच्या गिटारला. ती त्याने वडिलांबरोबर घरी केलेली. मान जुन्या शेकोटीच्या चौकटीच्या लाकडाची, स्प्रिंगा मोटरसायकलच्या, आणि पट्ट्यांवरच्या खुणांना आईच्या शिवणाच्या डब्यातली शिंपल्याची बटणं. यंत्राने या ‘रेड स्पेशल’ गिटारचं ‘लाल विशेष’ केलं होतं. बटणं डब्यात आणि शिंपी ड्रमवर, एवढंच काय ते त्याचं जुळून आलं.

हे सगळं मी एका बैठकीत केलं, आणि तिथेच चुकलो. ‘अलीकडील बदल’ या यादीत प्रत्येक बदलापुढे बाइटचा, म्हणजे मजकुराच्या मापाचा, आकडा येतो. भर घातली तर हिरवा, कमी केलं तर लाल, आणि घट बरीच मोठी असली तर ठळक. देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइट खातं. ‘ह’चे तीन, काना निराळा तीन. म्हणजे ‘ही’चं ‘हा’ केलं तर आकडा शून्य, कुणाचं लक्ष जात नाही. पण दोन ओळी काढल्या की नव्या बदलांवर गस्त घालणाऱ्या सदस्याला वाटतं, दरोडा पडला. मी चौदा हजार बाइटचा यंत्राचा कोंडा काढून अकरा हजारांचा मजकूर घातला. यादीत दिसलं उणे तीन हजार, लालभडक. शहाणा माणूस लेखाच्या डोक्यावर ‘काम चालू’ची पाटी लावतो, एकेक विभाग जतन करतो, दर वेळी सारांश लिहितो. हे मी दुसऱ्यांना शिकवतो.

चौथ्या मिनिटाला सगळं उलटलं. शिंपी पिंपावर परत.

मी चर्चा पानावर सभ्य भाषेत खुलासा मागितला. खुलासा आला नाही. आले ते तिसरेच गृहस्थ. यांना आपण पाचगणीकर म्हणू.

‘विषय : क्वीन या बँडचे मूळ गाव पाचगणी असलेबाबत. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून आपणांस कळविण्यात येते की, आपण केलेल्या बदलात मूळ ठिकाण चुकीचे दर्शविले होते. सबब दुरुस्ती केली आहे.’

पाहिलं तर चौकटीत होतं: ‘मूळ ठिकाण – पाचगणी, ता. महाबळेश्वर, जि. सातारा (नंतर लंडन)’.

त्या कंसाकडे मी बराच वेळ बघत राहिलो. मग लिहिलं. फ्रेडी मर्क्युरी, म्हणजे मूळचा फारुख बुलसारा, जन्म ५ सप्टेंबर १९४६, झांझिबार. पारशी कुटुंब. आठव्या वर्षी पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत पाठवला, हे खरं. तिथे ‘द हेक्टिक्स’ नावाचा शाळकरी बँड होता आणि हा पियानो वाजवायचा, हेही खरं. पण तो बँड वेगळा. कुटुंब १९६४ला इंग्लंडला गेलं, क्वीन १९७०ला लंडनमध्ये सुरू झाला, आणि उरलेले तिघं काही पाचगणीत शिकलेले नाहीत.

उत्तर : ‘उर्वरित तीन सदस्य पाचगणीस आले नव्हते याचा पुरावा आपण सादर करावा.’

मी म्हटलं, अहो, अमुक माणूस आमच्या गावी आला नव्हता असा दाखला कुठलीच ग्रामपंचायत देत नाही.

उत्तर : ‘पाचगणीस ग्रामपंचायत नसून गिरिस्थान नगरपरिषद आहे. यावरून आपणांस पाचगणीची माहिती नाही हे सिद्ध होते. सबब या विषयावर आपण लिहू नये.’

यात खोट काढायला जागा नव्हती. नगरपरिषद आहेच. मी दुसरीकडून गेलो. नुसत्या नात्यावर ठरवायचं तर बुलसारा हे आडनाव बुलसरवरून, म्हणजे आजच्या वलसाडवरून. मग मूळ ठिकाण गुजरात लिहायचं का?

उत्तर : ‘१ मे १९६० पूर्वी बुलसर मुंबई राज्यातच होते, हे आपल्या निदर्शनास आणून देत आहे.’

हेही बरोबर! या माणसाचं प्रत्येक वाक्य स्वतंत्रपणे खरं असे आणि ती सगळी वाक्यं मिळून जिथे जात, तिथे रस्ता नव्हता. शेवटी मी ठेवणीतलं काढलं. संदर्भ द्या. इथे खरं-खोटं नंतर, आधी छापून आलंय का ते बघतात, आणि संदर्भ नसेल तर वाक्याला ‘दुजोरा हवा’ची शेपटी लागते.

दोन दिवसांनी त्यांनी संदर्भ दिला. बातमीच्या एका संकेतस्थळावरचा लेख: ‘जगप्रसिद्ध बँड मूळचा आपल्या पाचगणीचा’. मी वाचायला घेतला. दुसऱ्याच परिच्छेदात ‘(नंतर लंडन)’, कंसासकट. त्याच्याखाली, ड्रमवर, रॉजर शिंपी.

म्हणजे पाचगणीकरांचं वाक्य आमच्या लेखातून तिकडे गेलं, तिथे त्याला बातमीची इस्त्री झाली आणि ते आमच्याकडे संदर्भ होऊन परत आलं. हा रोग जुना आहे आणि त्याला औषध एकच, तारखा ताडून पाहणं. लेखाच्या इतिहासात प्रत्येक बदलाची वेळ मिनिटासकट असते. आमच्या लेखात ते वाक्य आधी, बातमी दुसऱ्या दिवशीची. मी दोन्ही वेळा लिहिल्या, शिंपी दाखवला.

उत्तर : ‘तथापि छापून आले आहे.’

आता रागाचं. गस्त घालणारा पोरगा फुकट काम करतो, मीही फुकट करतो, पाचगणीकरही फुकट करतात. मराठीत लिहिणारे हात मोजके आणि सांभाळायची पानं हजारो, हे मला समजतं. पण ‘खडक पट्टी’ चार वर्षं त्या पानावर उघड्यावर पडून होती आणि कुणाला स्वागताचा निरोप गेला नाही. कचरा टाकला की आकडा हिरवा, कचरा उचलला की लाल, आणि गस्त लाल दिव्यावर धावते. मजकूर वाचून कुणी काही ठरवत नाही. शाळेतली पोरं प्रकल्पाच्या वहीत हेच उतरवून काढतात. कुठल्या तरी वहीत आत्ता फ्रेडी पारा शिसे गातोय आणि बाईंनी त्याला बरोबरची खूण दिली असेल. त्या पोराला कोण सांगणार धूळपाटीचं?

धुळीवरून आठवलं. त्या ‘कदाचित’ने, म्हणजे ब्रायन मेने, खगोलशास्त्रात पीएच.डी. करायला घेतली होती. विषय, सूर्यमालेत ग्रहांच्या दरम्यान तरंगणारी धूळ. १९७४ला बँडच्या गडबडीत प्रबंध टाकला आणि २००७ला परत जाऊन पुरा केला. हे मी लेखात लिहिलं होतं, संदर्भासकट. ते परत घालताना दर परिच्छेद निराळा जतन केला, दर वेळी सारांश लिहिला, आणि मधे चहा घेतला. कुणी उलटवलं नाही. रॉजर टेलर ड्रमवर बसला. मूळ ठिकाण लंडन झालं, पाचगणी फ्रेडीच्या बालपणाच्या ओळीत गेली, जिथे ती असायला हवी.

पाचगणीकरांनी हरकत घेतली नाही. ‘आपला बदल पाहिला. तूर्त मान्य,’ एवढंच लिहिलं. पानाच्या अगदी तळाशी, जिथे कुणी बघत नाही, त्यांनी लेखांचा एक नवा वर्ग उघडून या लेखाला जोडलाय: ‘सातारा जिल्ह्यातील रॉक बँड’. वर्गात सध्या एक लेख आहे.