टॉवर घालवला, आता बसा बोंबलत

आमच्या सोसायटीत एक काका आहेत, दोन वर्षं त्यांनी एकच धोशा लावला होता की समोरच्या बिल्डिंगवरचा मोबाइल टॉवर हटवा, रेडिएशन येतं, पोरांना कॅन्सर होईल, चिमण्या मेल्या, अमकं नि ढमकं. सह्यांची मोहीम काय, एजीएममध्ये आरडाओरडा काय, शेवटी त्या बिल्डिंगवाल्यांनी वैतागून करारच रिन्यू केला नाही आणि टॉवर गेला. पेढे वाटले हो यांनी. मी पण खाल्ला, मूर्खासारखा.

आता घरात रेंजची एक काडी, ती पण हॉलच्या खिडकीत पडद्याला चिकटून उभं राहिलं तर. परवा गॅसवाला सिलेंडर घेऊन दारात उभा, ओटीपी येतोय कुठे, तो वैतागून म्हणाला मॅडम गच्चीत जाऊन बघा. सिलेंडरसाठी गच्चीत!! कुणीतरी शहाणा सांगणारच की वायफाय कॉलिंग लाव, तर आईच्या फोनमध्ये ते नाहीये आणि लाईट गेली की राउटर पण झोपतो.

आणि डोक्यात जाणारी गोष्ट म्हणजे रेंज कमी असली की फोन लांबच्या टॉवरपर्यंत पोचायला स्वतःची पॉवर वाढवतो, म्हणूनच दुपारपर्यंत बॅटरी संपते. म्हणजे समोरच्या गच्चीवरून येईपर्यंत जे रेडिएशन पातळ होत होतं ते नको म्हणून आता कानाला चिकटलेल्या डबड्यातून जास्त घ्या. व्वा! टॉवरच्या रेडिएशनची मर्यादा आपल्याकडे 2012 पासून आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश आहे, फोनची 1.6 वॅट प्रति किलो, म्हणजे शरीरात किती शोषलं जातं त्याची, *#07# दाबा, बऱ्याच फोनवर त्या फोनचा आकडा दिसतो. काकांना दाखवलं तर म्हणाले तुम्ही आजकालची पोरं सगळं गूगलवर बघता. मग तुम्ही कुठे बघता हो? व्हॉट्सअ‍ॅपवर. तो फॉरवर्ड यांचाच असतो, आज रात्री साडेबारा ते साडेतीन कॉस्मिक किरणं पृथ्वीजवळून जाणार, फोन लांब ठेवा. आणि स्वतःचा फोन कुठे, तर उशीखाली चार्जिंगला, वायरला इन्सुलेशन टेप गुंडाळलेली, चार्जर स्टेशनबाहेरच्या फुटपाथवरचा. ती लिथियमची बॅटरी कापसाच्या उशीखाली तापतेय त्याची भीती नाही, भीती कसली तर किरणांची!

आणि स्कूटरवर तर बघाच एकदा. फोन हेल्मेटमध्ये खुपसलेला, पुढे नातू उभा, आणि "हां बोल बोल, गाडीवर आहे, ऐकू येतंय". अहो चाळीसच्या स्पीडला सेकंदाला अकरा मीटर जाते गाडी. मोटार वाहन कायद्याच्या कलम 184 खाली हजार ते पाच हजार दंड आहे, पण यांना पकडणार कोण, चौक आला की फोन खाली, चौक गेला की परत कानाला.

हे सगळं आज का लिहितेय, तर सकाळी ग्रुपवर काकांचा मेसेज आला, "घरात अजिबात रेंज येत नाही, कंपनीकडे सामूहिक तक्रार करायची आहे, सर्वांनी सहीसाठी खाली यावे." खाली लगेच एकाचं उत्तर, ऑनलाइन रेंज वाढवणारा बूस्टर मिळतो, वर्गणी काढून गच्चीवर लावूया. अरे तो परस्पर लावणं बेकायदेशीर आहे रे बाबांनो! मी चांगला मोठा रिप्लाय लिहिला, पाठवला आणि तेवढ्यात लाईट गेली. पाऊण तास झाला, मेसेजशेजारी अजून ते छोटं घड्याळच दिसतंय.