जर्मनच्या तासाला मराठी बोलल्यास पाच रुपये दंड!

आज शाळेत गेले तर ही नोटीस माझ्याच वर्गाच्या दारावर. इंग्रजी बोललं तर दंड नाही हं. म्हणजे सोलापूरच्या पोरांनी जर्मन शिकायचं ते इंग्रजीचं बोट धरूनच. कुणाच्या डोक्यातून निघतं हे?

गेल्या वर्षी सातवीला आकडे चालले होते. 'फ्यून्फ-उंट-त्स्वान्त्सिश', पाच आणि वीस. मी आपली सांगतेय, ट्वेंटी फाइव्ह उलटं म्हणायचं. पोरं जांभया देतायत. तेवढ्यात मागच्या बाकावरची, शहराच्या पूर्व भागातली एक पोरगी उठली. "ओ मॅडम, उलटं कुठंय? हे तर आपलं पंचवीसच की!"

पंच. वीस. बारा वर्षं जर्मन शिकवतेय, माझ्या डोक्यात आलं नव्हतं. बरं, तिच्या घरी तेलुगू. तिथं 'इरवै ऐदु', आधी वीस मग पाच. एवढं सगळं तोलून ती बोलली, आणि तिला दंड?

त्या दिवसापासून माझा तासच बदलला. डेअर, डी, दास म्हणजे तो, ती, ते. संपलं! 'दास मेडशन', मुलगी आणि नपुंसकलिंगी, म्हणून इंग्रजीवाले डोकं खाजवतात. आपण 'ते पोरगं' म्हणतोच की. 'वाइल इश फीबर हाबे' म्हणजे 'कारण मला ताप आहे'. क्रियापद शेवटी, आपल्यासारखंच.

हां, आपलं 'ते टेबल' जर्मनमध्ये 'तो' होतं, तिथं घोकंपट्टीच. एकोणतीसला पंचवीसची युक्ती चालत नाही, तेही मान्य. वर्गात जर्मन जास्त कानावर पडावं हे तर मीच सांगत आलेय. पण मग इंग्रजीलाही लावा ना दंड!

१९३८ साली चीनला जाऊन तिथली भाषा बोलायला लागलेले डॉ. कोटणीस याच गावचे. त्यांना मराठी आड आली होती का?

जाऊ दे. चिडून काय होणार.

ती पोरगी आता आठवीत आहे. आज नोटीस वाचून हळूच विचारते, "मॅडम, नुसतं पंचवीस म्हटलं तरी पाच रुपये का ओ?" मला हसूही आलं आणि गलबलूनही आलं.

उद्या पहिला तास तिच्याच वर्गावर. सुटे काढून ठेवलेत, पहिला दंड मीच भरणार.