पार्सल उतरणार कुठं?

आज सकाळपासून आमच्या घरच्या ग्रुपवर एकच व्हिडिओ फिरून राहिला आहे. आभाळातून ड्रोन येतो, हिरव्यागार लॉनवर खोकं सोडतो आणि एक गोरी पोरगी टाळ्या वाजवत धावत येते. खाली पुण्याच्या भाच्यानं लिहिलं, ‘मामी, आता तुमच्या गावातही दहा मिनिटांत पार्सल. फाट्यावर जायची कटकट गेली.’ त्यावर अख्ख्या खानदानाचे अंगठे. तिथं उत्तर दिलं असतं तर दिवाळीपर्यंत अबोला झाला असता, म्हणून इथं लिहून राहिले. तुम्ही सगळे फाट्यावर उभे राहिलेले लोक आहात, तुम्हाला वेगळं सांगायला नको.

लॉन म्हणे! भाचेबुवा, आमच्या अंगणावरून महावितरणच्या तारा गेल्यात, तारांवर आकडे टाकलेत. बाजूला निंब, निंबावर वानरांची टोळी. त्या टोळीनं मागच्या साली डिशची छत्री वाकवून ठेवली, ते चार पंखे फिरवत आलेलं खोकं सुखानं खाली उतरू देतील? ऑस्ट्रेलियात कॅनबेराला 2021 साली डोमकावळ्यांनी ड्रोनवर झडपा घालून एका भागात काही काळ डिलिव्हरी थांबवायला लावली होती. तिथं तर वानरंही नाहीत.

पण वानरांचं जाऊ द्या. माझं डोकं फिरलं ते त्या ‘फाट्यावर जायची कटकट’वर.

या मे महिन्यात सासूबाईंचं इन्सुलिन ऑनलाइन मागवलं होतं. त्यांना चालतं ते तालुक्याच्या मेडिकलात मिळत नव्हतं. भर दुपारी पार्सलवाल्या पोराचा फोन, ‘ताई, गावात येणं नाही होत, पानठेल्यावर ठेवून देतो.’ मी शाळेच्या कामानं बाहेर. संध्याकाळी काळीपिवळीनं फाट्यावर उतरले तर थर्माकोलचा डबा ठेल्याच्या तापलेल्या पत्र्याखाली, सुपारीच्या बरणीला टेकून ठेवलेला. वर खर्रा घोटायची पन्नी. तिथंच उघडला. बर्फाच्या पिशव्या कोमट होऊन लिबलिबीत झालेल्या. पेनांतलं औषध मात्र दिसायला स्वच्छ पाण्यासारखं, काही झालंच नाही असं. इन्सुलिन 2 ते 8 अंशांत ठेवायचं असतं आणि आपल्याकडचा मे तुम्हाला माहीत आहे. डॉक्टर म्हणाले, वापरू नका, फेकून द्या. कंपनीच्या ॲपवर मात्र हिरव्या अक्षरांत ‘डिलिव्हर्ड’.

आता सांगा, तोच डबा आभाळातून आला असता तर काय वेगळं झालं असतं? लवकर आला असता, मान्य. पण मी घरी नाही, सासूबाईंना गुडघ्यांमुळे ओट्याखाली उतरवत नाही. फाट्यावर तापला तो डबा अंगणात तापला असता आणि ॲपवर तेच हिरवं ‘डिलिव्हर्ड’ उमटलं असतं. उडण्याचं कौतुक सगळे करतात, उतरल्यावर तो डबा हातात कोण घेणार हे कोणी विचारत नाही.

आणि त्या उन्हात तो ड्रोन तरी किती उडेल? तापलेली हवा विरळ असते, पंख्यांना पकड कमी मिळते, तेवढ्याच वजनाला बॅटरी जास्त खर्च होते. आमच्या शिवारात फवारणीचा ड्रोन दाखवायला आले होते तेव्हा मी जवळून पाहिलं. दहा लिटरची टाकी, पण बॅटरी दहा-पंधरा मिनिटांत बसायची. सोबत पिकअप गाडी, जनरेटर, आणि एक पोरगा निंबाखाली टेबलफॅन लावून बॅटऱ्या गार करत बसलेला. गरम बॅटरी लगेच चार्जिंगला लावता येत नाही म्हणे. एका ड्रोनमागे एवढा संसार. तो कोण आणून ठेवणार आमच्या फाट्यावर, जिथं लाइन गेली की कधी येईल ते वायरमनलाही सांगता येत नाही?

फवारणीच्या ड्रोनला मात्र माझा विरोध नाही, हे आधीच सांगते, नाहीतर कमेंटीत धाडी घालाल. 2017 च्या फवारणीत आपल्या यवतमाळात विषबाधेनं माणसं गेली. पाठीवर पंप, तोंडाला फक्त दुपट्टा, छातीएवढी कपाशी. त्या वर्षीचे दवाखान्यातले डोळे बांधलेले लोक अजून आठवतात. ते काम मशीन करत असेल तर करू द्या बापा. बचत गटाच्या बाया ड्रोनदीदी होऊन चार पैसे कमवतील तर आनंदच आहे. पण तिथं ड्रोन समोरच्या वावरात फिरतो, चालवणारी धुऱ्यावर उभी असते. पार्सलचा ड्रोन नजरेआड जाणार. 2021 च्या ड्रोन नियमांत हिरव्या क्षेत्रात, म्हणजे उडवायला आधी परवानगी लागत नाही अशा भागात, 400 फुटांपर्यंत मोकळीक आहे, पण नजरेच्या पल्ल्यापलीकडे उडवायचं तर वेगळी परवानगी लागते. आणि लागलीच पाहिजे. उद्या तो कुणाच्या तुरीत पडला, कुणाच्या बैलाला लागला, तर पंचनाम्याला तलाठी येणार की पोलीस पाटील? आणि कंपनी कुठली, तर तिचा नंबर लागत नाही. तो नंबर लावायचा अनुभव मला इन्सुलिनच्या वेळी आला आहे. ‘आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे’ ऐकत ऐकत भाजी करपली.

आता कोणीतरी आफ्रिकेतल्या रवांडाचं उदाहरण काढेल. काढा. तिथं 2016 पासून ड्रोननं रक्ताच्या पिशव्या जातात, चांगलं काम आहे. मणिपुरात 2021 च्या ऑक्टोबरात आयसीएमआरनं, म्हणजे सरकारच्या वैद्यकीय संशोधन परिषदेनं, लोकटाक सरोवरातल्या करांग बेटावर लस पाठवली, रस्त्यानं 26 किलोमीटर लागतात ते आकाशातून 15 किलोमीटरच, बारा-पंधरा मिनिटांत. हेही चांगलं. पण नीट बघा, ती पिशवी कुठं उतरते? दवाखान्याच्या आवारात, जिथं सिस्टर वाट पाहत उभी आहे आणि आत फ्रिज चालू आहे. सखूबाईच्या अंगणात नाही उतरत. घरोघरचं म्हणाल तर ॲमेझॉनच्या बेझोसनं 2013 साली अमेरिकेच्या टीव्हीवर चार-पाच वर्षांत होईल असं सांगितलं होतं. गिऱ्हाइकांच्या घरी पार्सलं जायला लागली 2022 च्या शेवटी, तीही दोन गावांतून, आणि वजन सव्वादोन किलोच्या आत. तिथं लॉन आहे, बरं का.

आमच्याकडे गडचिरोलीतल्या भामरागडचं उदाहरण देतात. पर्लकोटा नदीला पूर आला की पुलावरून पाणी, संपर्क तुटला. तिथं औषध उडत जावं, कोण नाही म्हणेल? पण ज्या पावसानं पूर येतो त्याच पावसात आणि वाऱ्यात ड्रोनही जमिनीवरच बसतो. पाऊस उघडला आणि पाणी उतरायला वेळ लागला, त्या मधल्या वेळात त्याचा खरा उपयोग. तेवढ्यासाठी तरी ठेवावा, हो. सापाच्या विषावरची लस तशी पोहोचवता येईल. पण तीही सलाइनमधून द्यावी लागते, रिॲक्शन आली तर सांभाळायला डॉक्टर लागतो. मेळघाटातल्या एखाद्या ढाण्यावर, म्हणजे आदिवासी पाड्यावर, कुप्या टाकल्या आणि आरोग्य केंद्रात डॉक्टरच नाही, मग?

लिहिता लिहिता राग थोडा उतरला. इन्सुलिन वाया गेलं त्या दिवशी मी त्या पार्सलवाल्या पोराला फोनवर लय बोलले होते. सासूबाई ओट्यावरून ऐकत होत्या. म्हणाल्या, ‘बाई, त्या पोराले शिव्या देऊ नको. त्याच्या गाडीत पेट्रोल कोन टाकते?’ पोरगा बाजूच्या गावचा, बी.ए. झालेला. पार्सलमागे पैसे मिळतात, गाडी त्याची, पेट्रोल त्याचं, पंक्चरही त्याचंच. फाट्यापासून आत आमच्या गावाला यायचं म्हणजे गिट्टी उखडलेला रस्ता, आणि तेवढ्यासाठी वेगळे पैसे नाहीत. तरी तो एका फेरीत पोतंभर पार्सलं आणतो. ड्रोन एक आणेल आणि रिकामा परत जाईल. त्या एका फेरीचा खर्च करायची ज्यांची तयारी आहे, त्यांना या पोराला गावापर्यंतचं पेट्रोल देताना मात्र हिशोब आठवतो. हे मला नाही पटत. तुम्हालाही पटत नसणार.

पत्त्याचं म्हणाल तर तो प्रश्न सुटतोय, तेवढं श्रेय देते. 1972 साली पिनकोड काढणारे वेलणकर आपलेच, मराठी माणूस. पण एका पिनमध्ये आमची कितीतरी गावं, पत्ता म्हणजे ‘मारुतीच्या पाराजवळ’. आता पोस्टानं 2025 मध्ये डिजिपिन आणलं, चार मीटरच्या चौकोनाला एक कोड. छान आहे. आमच्या गावात चार मीटरमध्ये माझा ओटा, जाऊबाईंचा गोठा आणि तिची मारकी म्हैस एवढं सगळं येतं.

मला विचाराल तर आमच्या आरोग्य उपकेंद्रात एक धड फ्रिज, त्याला इन्व्हर्टर, आणि औषधाचं पार्सल उतरवून घेऊन सही करणारं कोणीतरी हवं. मग ते ड्रोननं येवो, लालपरीच्या टपावरून येवो की त्या पोराच्या गाडीवरून. येत्या 15 ऑगस्टच्या ग्रामसभेत मी हा विषय लेखी देणार आहे. रस्त्याचाही त्यातच टाकते. गावातले जे जे हे वाचून राहिले त्यांनी झेंडावंदन झाल्यावर जिलबी घेऊन परस्पर घरी जाऊ नका, मागची सभा कोरम नाही म्हणून तहकूब झाली होती. आणि भाचेबुवा, तुमचं नाव अजून इथल्याच मतदार यादीत आहे. सुट्टी आहे, तुम्हीही या.