झील धरणारीचे गाणे

पोवाडा रंगला की टाळ्या शाहिराला मिळतात. त्याच्या मागे उभे राहून ‘जी जी रं जी’ची झील धरणाऱ्यांची नावे निवेदक सांगत नाही, आणि प्रेक्षकांपैकीही कोणी विचारत नाही. मात्र शाहिराने दम घ्यायच्या क्षणी झील थांबली, तर पोवाडा कसा लंगडा होतो, हे मंचावरच्या सगळ्यांना ठाऊक असते. अमेरिकन लोकप्रिय संगीतातल्या एका झीलकरणीविषयी लिहावे असे बरेच दिवस मनात होते. तिचे नाव सायीडा गॅरेट. हे नाव फारसे कोणी ऐकलेले नसते. पण मायकल जॅक्सनचे ‘मॅन इन द मिरर’ ऐकलेले असते, आणि त्या गाण्याचे शब्द तिचे आहेत, हे सांगितले की समोरचा माणूस थबकतो.

तिच्याविषयी लिहिताना ‘तारका होता होता राहिली’ असा कळवळ्याचा सूर लावला जातो, तो मला मान्य नाही. ‘मॅन इन द मिरर’, म्हणजे ‘आरशातला माणूस’, या गाण्याची कथाच पाहा. १९८० च्या दशकाच्या मध्यावर ‘बॅड’ या अल्बमची तयारी चालू असताना निर्माते क्विन्सी जोन्स यांनी काही गीतकारांना बोलावून जॅक्सनसाठी गाणी मागितली. गॅरेट तेव्हा जोन्स यांच्या ‘क्वेस्ट’ या कंपनीशी करारबद्ध होती. कधीतरी कानावर पडलेले ‘आरशातला माणूस’ हे शब्द तिने आपल्या वहीत टिपून ठेवले होते. संगीतकार ग्लेन बॅलार्ड कीबोर्डवर स्वर जुळवू लागला आणि वहीतली ती ओळ वर आली. (हाच बॅलार्ड पुढे १९९५ मध्ये गायिका अ‍ॅलानिस मॉरिसेटच्या गाजलेल्या अल्बमचा सहलेखक झाला, पडद्यामागच्या माणसांचे जग किती लहान असते ते यावरून कळावे.) गाण्याचे कच्चे ध्वनिमुद्रण, म्हणजे डेमो, गॅरेटनेच गायला.

डेमो गाणे ही स्वतंत्र विद्या आहे, आणि तिच्याविषयी फार कमी लिहिले गेले आहे. गाणे विकायचे तर ते उत्तमच गावे लागते. पण ज्याच्यासाठी ते लिहिले त्याला आपला गळा त्यात दिसला पाहिजे, एवढी जागाही मोकळी सोडावी लागते. गॅरेटची हयात दुसऱ्याच्या आवाजाशी आपला आवाज जुळवण्यात गेली होती. मला वाटते, ते गाणे जॅक्सनच्या तोंडी इतके चपखल बसले याचे निम्मे श्रेय या सवयीला आहे. ‘बॅड’मधल्या अकरा गाण्यांपैकी जॅक्सनने स्वतः न लिहिलेली गाणी दोनच, आणि त्यांतले एक हे. या गाण्याच्या समूहस्वरांतही, आंद्रे क्राउच यांच्या वृंदासोबत आणि वायनन्स या गायकसमूहासोबत, गॅरेटचा आवाज आहे.

त्याच अल्बममध्ये ती आणखी एके ठिकाणी ऐकू येते. ‘आय जस्ट कान्ट स्टॉप लव्हिंग यू’ या युगुलगीतात जॅक्सनसोबतचा स्त्रीस्वर तिचा आहे. हे गाणे सप्टेंबर १९८७ मध्ये आणि ‘मॅन इन द मिरर’ मार्च १९८८ मध्ये लोकप्रिय गाण्यांच्या अमेरिकेतल्या बिलबोर्ड यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचले. म्हणजे जेमतेम सहा महिन्यांच्या अंतराने एकाच बाईच्या वाट्याला दोन अव्वल गाणी आली, एक गळ्याचे आणि एक लेखणीचे. या दोन गाण्यांची पुढची वाट किती वेगळी झाली ते पाहण्यासारखे आहे. युगुलगीताची चित्रफीतच निघाली नाही. ‘बॅड’च्या जगभरच्या दौऱ्यात ते गाणे जॅक्सनसोबत मंचावर गायली ती पुढे स्वतः तारका झालेली शेरिल क्रो, जी तेव्हा साथीची गायिका होती. गळ्याच्या जागी दुसरा गळा आणता येतो. श्रोत्यांची तक्रारही नसते.

लेखणीच्या जागी मात्र दुसरी लेखणी आणता येत नाही, आणि कायदाही तिच्याच बाजूचा आहे. अमेरिकेत रेडिओवर गाणे वाजले की मोबदला मिळतो तो गीतकार, संगीतकार आणि प्रकाशकाला. गाणाऱ्याला काही मिळत नाही, मग तो खुद्द जॅक्सन का असेना. डिजिटल रेडिओसाठी पुढे कायदा झाला, त्यात मुख्य कलाकाराचा वाटा ४५ टक्के ठरला आणि मागे गाणाऱ्या सगळ्यांसाठी मिळून अडीच टक्के. एरवी साथीच्या गायिकेला त्या दिवसाची बिदागी मिळाली की हिशेब मिटतो. आपल्याकडे गायकांच्या रॉयल्टीसाठी लताबाईंनी १९६० च्या दशकात भांडण मांडले होते, हे संगीतप्रेमींना आठवत असेल; पण त्या वादातही कोरसमध्ये उभ्या असलेल्यांचा प्रश्न दूरच राहिला. गॅरेटने गीतकार म्हणून केलेले काम असे मिटले नाही. ‘मॅन इन द मिरर’ १९८८ मध्ये ब्रिटनच्या यादीत जेमतेम २१ व्या क्रमांकापर्यंत गेले होते. २००९ मध्ये जॅक्सनच्या निधनानंतर तेच गाणे तिथे दुसऱ्या क्रमांकावर पोहोचले. एकवीस वर्षांनी असे परत येणारे काम बिदागीच्या पाकिटात मावत नाही.

तिचा स्वतःचा एकल अल्बमही १९८८ मध्ये आला. त्यातले एक गाणे अमेरिकेच्या नृत्यगीतांच्या यादीत पहिले आले, पण त्या अल्बमने तिला तारका केले नाही. पुढे जॅक्सनच्या ‘डेंजरस’ अल्बमसाठी तिने ‘कीप द फेथ’ हे गाणे बॅलार्ड आणि जॅक्सनसोबत लिहिले, त्या अल्बमच्या दौऱ्यात ती गायली, आणि ‘ब्रँड न्यू हेवीज’ या ब्रिटिश चमूच्या १९९७ च्या अल्बममध्ये प्रमुख गायिका होती. ‘ड्रीमगर्ल्स’ चित्रपटातल्या तिने लिहिलेल्या गाण्याला ऑस्करचे नामांकन आणि २००८ मध्ये ग्रॅमी पुरस्कार मिळाला. २०१२ मध्ये ‘रिओ’ या चित्रपटातल्या गाण्यासाठी पुन्हा ऑस्करचे नामांकन मिळाले. त्या वर्षी त्या गटात गाणी दोनच होती आणि पुरस्कार दुसऱ्याला गेला, याची मला अजून चुटपुट वाटते.

पण तिच्या कारकिर्दीतले माझे सर्वांत आवडते वर्ष २००४ आहे. १९८६ च्या ‘ट्रू ब्लू’ अल्बममध्ये तिने मॅडोनाला साथ केली होती. अठरा वर्षांनी, जगभर वाजलेल्या एका गाण्याची गीतकार असताना, चाळिशी ओलांडलेली गॅरेट मॅडोनाच्या दौऱ्यात पुन्हा मंचावर मागच्या बाजूला उभी राहिली आणि डॉना डी लोरीसोबत रोज रात्री झील धरत राहिली.